भाचा आयटीत आहे ना!

बंगळुरात नोकरीला असलेल्या मराठी मुलाची नातेवाइकांच्या लेखी एकच ओळख असते: तो आयटीत आहे. तिथे तो नेमकं काय करतो, याची चौकशी कोणी करत नाही. तो बँकेचे सर्व्हर सांभाळत असो की औषध कंपनीच्या गोदामाचं सॉफ्टवेअर लिहीत असो, प्रिंटर, टीव्हीचा रिमोट, आत्याचं आधार कार्ड आणि काकांचा विसरलेला पासवर्ड ही खाती त्याच्याचकडे. अलीकडे त्यांत आणखी एकाची भर पडली आहे. दिवाळीहून परत निघताना चकल्यांच्या डब्याशेजारी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा हळूच ठेवला जातो. त्यात निगेटिव्ह असतात. सोबत मामांचा निरोप: "एवढं कॉम्प्युटरवर घेऊन दे रे. हल्ली स्वस्तात होतं म्हणे."

'एवढं' म्हणजे किती, हे डबा उघडल्यावर कळतं.

ज्यांचं घरच बंगळुरात आहे, त्यांच्याकडे डबा येत नाही, तो माळ्यावर असतोच. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली १६३८ साली, तेव्हा मराठी माणसाचं इथलं येणंजाणं काही कालचं नव्हे. पण फोटोंचा साठा जमला तो पुढे, कारखान्यांच्या काळात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली इथे विमानांचा कारखाना काढला, तो आजचा एचएएल. मग १९५३ साली एचएमटी आणि १९५४ साली बीईएल. या नोकऱ्यांमागे पुण्या-सांगलीकडची कुटुंबं आली, जालहळ्ळी आणि राजाजीनगरात रुजली, गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एकमेकांना भेटली. पगार नियमित, हातात यंत्राची समज आणि कोणीतरी जर्मनीला ट्रेनिंगला जाऊन आलेलं. कॅमेरा घेण्यासाठी माणसाला आणखी काय लागतं?

त्या कॅमेऱ्यांनी केलेल्या काटकसरीची फळं आज भाचा भोगतो आहे. छत्तीस फोटोंचा रोल अंधाऱ्या न्हाणीघरात जपून भरला की अडतीस निघतात, हे ज्ञान तेव्हा घरोघरी होतं. म्हणून प्रत्येक रोलची पहिली फ्रेम अर्धी जळालेली आणि शेवटची अर्धी कापलेली. रोल लवकर संपू द्यायचा नाही हा दुसरा नियम. त्यामुळे एकाच पट्टीवर यंदाचा गणपती, मधली मुंज, संक्रांतीचे हलव्याचे दागिने आणि पुढच्या वर्षीचा गणपती सुखाने नांदतात. पट्टीवर साल लिहिलेलं नसतं. ते बाळाच्या उंचीवरून काढावं लागतं. ऑलिंपस पेन नावाचा हाफ फ्रेम कॅमेरा घेणारे तर काटकसरीतले महामहोपाध्याय. त्यात छत्तिसाच्या रोलवर बहात्तर फोटो निघत. तेव्हा निम्मे पैसे वाचले. आज स्कॅन करणाऱ्याचं काम दुप्पट झालं.

आता 'स्वस्तात' या अटीचा हिशेब करू. समजा पन्नास रोल आहेत. म्हणजे अठराशे फ्रेम, वरच्या दोन-दोन सोडून. शहरात हे काम करून देणारे स्टुडिओ आहेत. महात्मा गांधी रोडवर १९१० सालापासून नाव टिकवून असलेल्या जी. के. वेलसारख्या स्टुडिओंचा वारसा या गावाला आहे, त्यामुळे निगेटिव्ह म्हणजे काय हे काउंटरवर समजावून सांगावं लागत नाही. फ्रेममागे वीस रुपये दर धरला, तरी आकडा छत्तीस हजारांवर जातो. मामांना हा आकडा सांगितला की फोनवर शांतता पसरते. मग ते विचारतात, "अरे, पण तू घरीच करणार होतास ना?"

मामांच्या हिशेबात भाच्याच्या वेळेचा रकाना नाही.

मग भाचा फ्लॅटबेड स्कॅनर शोधू लागतो. साधा कागद स्कॅन करणारा चालत नाही. फिल्मच्या पाठीमागून प्रकाश टाकणारा लागतो, ही पहिली ठेच. एपसनचा परफेक्शन व्ही ६०० हा घरगुती मंडळींचा बऱ्याच वर्षांचा आवडता. त्याच्या साच्यात एका वेळी पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या बारा फ्रेम बसतात, चौकटीतल्या स्लाइड चारच. अठराशे भागिले बारा म्हणजे दीडशे खेपा. धूळ झटकणं, पट्टी बसवणं, स्कॅन आणि मधला चहा मिळून खेपेला वीस मिनिटं धरली, तर पन्नास तास झाले. बंगळुरात हा माणूस रोज रिंग रोडवर जेवढा अडकतो, त्यापुढे हे काहीच नाही. पण तिथे निदान गाणी ऐकता येतात.

स्कॅनरच्या खोक्यावरचे आकडे वाचून पुष्कळजण फसतात. २४ बाय ३६ मिलिमीटरची फ्रेम २४०० डीपीआयला स्कॅन केली की जेमतेम पावणेआठ मेगापिक्सेलचं चित्र मिळतं, आणि घरगुती फोटोंना ते पुरून उरतं. मामांच्या हातातला कॅमेरा जितका हलला होता, तितका हललेला फोटो ६४०० डीपीआयला घेतला, तर हलणंच जास्त बारकाईने दिसतं. उलट गंमत आगफा क्लिक थ्रीची. भारतात घरोघरी पोचलेला तो साधा डबा कॅमेरा १२० नंबरच्या रुंद फिल्मवर चौकोनी फोटो काढायचा, रोलमागे बारा. ती निगेटिव्ह त्याच २४०० डीपीआयला अठ्ठावीस मेगापिक्सेलच्या आसपास जाते. ऐंशीच्या दशकातल्या हॉट शॉट कॅमेऱ्याची ११० फिल्म मात्र नखाएवढी, १३ बाय १७ मिलिमीटरची. तिच्यातून दोन मेगापिक्सेल निघतात. पणजोबांच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसते आणि मावशीच्या लग्नात नवरामुलगा कोणता, हे हारावरून ठरवावं लागतं.

खरोखर स्वस्त आणि चांगला मार्ग आहे तो कॅमेऱ्यानेच फिल्मचा फोटो काढण्याचा. घरात अदलाबदलीच्या लेन्सचा डिजिटल कॅमेरा पडून असतो. लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेला, नंतर कपाटात गेलेला. त्याला जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स हवी, ती भाड्याने मिळते किंवा मित्राकडून उसनी. खाली पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी पॅनेल लागतो. एसपी रोडवर, म्हणजे सदर पत्रप्पा रोडवर, चिपपासून वायरपर्यंत सगळं ज्या गल्ल्यांत मिळतं तिथे, असे पॅनेल मिळतात. फक्त दुकानदाराला 'सीआरआय' विचारायचा. प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा तो आकडा, पंचाण्णव किंवा वर असला तर उत्तम. दुकानदार तुमच्याकडे जरा आदराने बघेल आणि किंमत वाढवेल. कॅमेरा स्टँडवर उलटा लटकवायचा, लेन्स आणि फिल्म समांतर ठेवायच्या, टायमर लावायचा. एकदा घडी बसली की फ्रेममागे दहा सेकंद. अठराशे फ्रेम पाच तासांत होतात.

याहून स्वस्त म्हणजे मोबाइल. लॅपटॉपचा पडदा कोरा पांढरा करून त्यावर पट्टी धरायची आणि खटकन फोटो. पहिल्याच फोटोत आजीच्या कपाळावर लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची जाळी उमटते, कारण पडद्याचे पिक्सेलही फोटोत येतात. पट्टी पडद्यापासून दोन-तीन इंच वर उचलायची, मधे बोर्ड रंगवणाऱ्याकडून आणलेला दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा ठेवायचा, की जाळी जाते. छापून भिंतीवर लावण्याइतकं हे काम चांगलं होत नाही. पण कुठला रोल पुढे नीट स्कॅन करण्याच्या लायकीचा आहे, हे ठरवायला याहून सोपी युक्ती नाही. हे अगोदर करावं. अठराशेंतले तीनशेच ठेवण्याजोगे निघतात, आणि छत्तीस हजारांचा तो आकडा सहा हजारांवर येतो. मामांना ही निवड मात्र आवडत नाही. "टाकायचं कशाला? पैसे मोजलेत!"

रंगीत निगेटिव्हचा फोटो काढून कॉम्प्युटरवर उलटा केला, म्हणजे काळ्याचं पांढरं केलं, की सगळी वऱ्हाडी मंडळी निळी पडतात. त्या फिल्मच्या अंगावर मुळातच नारिंगी छटा असते. ती वजा केल्याशिवाय माणसं माणसाच्या रंगात येत नाहीत. डार्कटेबल नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये २०२० पासून खास याच कामाचं 'नेगाडॉक्टर' हे साधन आहे. रोलच्या कडेचा कोरा भाग त्याला दाखवला की ते छटा ओळखतं. एका रोलवर एकदा जमवलेलं बाकीच्या फ्रेमना लागू करता येतं. इथे भाच्याच्या आयटीतल्या असण्याचा पहिल्यांदा काहीतरी उपयोग होतो.

स्कॅनरवाल्यांना दुसरीच मौज अनुभवायला मिळते. चांगल्या स्कॅनरमध्ये धूळ आपोआप पुसणारी सोय असते. ती इन्फ्रारेड किरणांवर चालते. रंगीत फिल्मचे रंग त्या किरणांना आरपार जाऊ देतात, धूळ जाऊ देत नाही, म्हणून यंत्राला धूळ वेगळी ओळखता येते. कृष्णधवल फिल्ममध्ये मात्र चित्र चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी ते किरण अडवते. परिणामी यंत्र आजोबांनाच धूळ समजून पुसायला निघतं. ती सोय कृष्णधवलला बंद ठेवावी, हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण आयटीतल्या माणसाने पुस्तिका वाचायची नसते.

डब्याचीही एक गोष्ट आहे. बिस्किटांचा घट्ट झाकणाचा डबा म्हणजे सुरक्षित जागा, असा दोन पिढ्यांचा समज. जुन्या फिल्मचा पाया सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा. उष्णता आणि दमटपणा यांनी तो हळूहळू सडतो आणि त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, म्हणजे व्हिनेगरच. बंद डब्यात ती वाफ कोंडते आणि सडण्याला उलट वेग देते. डबा उघडल्यावर आंबट वास आला, तर लोणच्याचं काहीतरी शेजारी ठेवलं असेल असा तर्क करू नये. त्या पट्ट्या बाजूला काढून सगळ्यांत आधी स्कॅन कराव्यात. त्या मुंबईच्या किंवा कोकणातल्या घरातून आलेल्या असतील, तर वर बुरशीची नक्षीही असते. पाण्याने धुवायच्या नाहीत, पदराने पुसायच्या नाहीत. रबरी फुग्याने हवा मारायची, बास. बंगळूरची हवा त्या मानाने प्रेमळ, पण माळा तो माळाच.

वाचलेल्यांत चांगल्या अवस्थेत सापडतात त्या कोडाक्रोमच्या स्लाइड. अंधारात ठेवल्या तर या फिल्मचे रंग दशकानुदशकं टिकतात. प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर मात्र झपाट्याने उडतात. म्हणजे ज्या कुटुंबाने कौतुकाने पाहुण्यांना वारंवार दाखवल्या त्यांच्या फिकट झाल्या, आणि ज्यांच्या पाहुण्यांना कंटाळा यायचा त्यांच्या अजून ताज्या आहेत. ही फिल्म धुण्याची पद्धत इतकी किचकट होती, की जगातली शेवटची कोडाक्रोम प्रयोगशाळा अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी राहिली आणि तिनेही २०१० च्या अखेरीस काम थांबवलं. कोडाक कंपनीने तयार केलेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मकरीला दिला होता. त्यातल्या काही फ्रेम त्याने भारतात, मुंबईच्या नटनट्यांवर आणि राजस्थानातल्या रबारी लोकांवर खर्चल्या. आपल्याकडची देशी फिल्म मात्र उटीची. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' ब्रँड. बंगळुरातल्या डब्यांत त्याची खोकी सापडतात. परदेशी फिल्म महाग, इंदू परवडणारी, म्हणून फोटो इंदूवर आणि रिकामं खोकं बटणं ठेवायला.

स्लाइड पाहताना आणखी एक संकट. चौकोनी चौकटीतली स्लाइड आठ प्रकारे ठेवता येते, चार बाजू गुणिले दोन पृष्ठं, आणि त्यांतला एकच प्रकार बरोबर. उलटीपालटी झालेली लगेच कळते. पण डावी-उजवी बदललेली कळत नाही. जाणकार त्यासाठी पदर बघतात. डाव्या खांद्यावरचा पदर उजवीकडे गेलेला दिसला, तर एक तर स्लाइड उलटी आहे किंवा मावशी त्या दिवशी गुजराती पद्धतीने नेसली होती. पुरुषांची घड्याळं उजव्या मनगटावर दिसली तरी तेच, आणि इथे सगळ्यांच्या हातांत एचएमटी असायचंच. सर्वांत सोपी खूण म्हणजे मागचा दुकानाचा फलक. तो वाचून बघायचा. पण फलक असतो कन्नडमध्ये, आणि चाळीस वर्षं मल्लेश्वरममध्ये काढलेले काका तो दोन्ही बाजूंनी तितक्याच शांतपणे न्याहाळतात. शेवटी कामाला येणाऱ्या बाई पोछा मारता मारता सांगतात, "अण्णा, हे उलटं आहे."

फोटोंचे विषय म्हणाल तर सगळ्या डब्यांत एकच नियतकालिक सापडतं. लालबागेचं काचघर, ज्याची पायाभरणी १८८९ ची, आणि त्याच्यासमोर ओळीने उभे नातेवाईक. लालबागेतला खडक आणि त्यावर तेच नातेवाईक. वृंदावन गार्डनची कारंजी, अंधारात घेतल्यामुळे फक्त रेघा. बेलूर-हळेबीडची शिल्पं, त्यांच्यापुढे आत्याचं कुटुंब असल्यामुळे अर्धीच. पाहुणे आले की नंदी हिल्स. या शहरात शेकडो मराठी कुटुंबांनी दशकानुदशकं एकच सहल केली आणि प्रत्येकाने तिच्यावर स्वतंत्र रोल खर्च केला.

याच बंगळुरात गंभीर छायाचित्रकारांचीही मोठी परंपरा आहे. वन्यजीवनाच्या फोटोंसाठी जगभर नाव झालेले टी. एन. ए. पेरुमाळ इथलेच, आणि ई. हनुमंत राव यांचंही हेच गाव. त्यांच्याच पंगतीत मराठी माणसाने अभिमानाने घ्यावं असं नाव म्हणजे एम. वाय. घोरपडे. संडूरच्या संस्थानिक घराण्यातले, सत्तरच्या दशकात कर्नाटकाचे अर्थमंत्री, आणि सुट्टी मिळाली की हत्तींच्या मागे कॅमेरा घेऊन जंगलात. 'सनलाइट अँड शॅडोज' हे त्यांचं पुस्तक १९८३ चं. अर्थसंकल्पात तूट किती हे लोक विसरले, हत्तींचे फोटो टिकले. कस्तुरबा रोडवर २०२३ च्या फेब्रुवारीत उघडलेल्या 'मॅप' या कला आणि छायाचित्रांच्या संग्रहालयात ज्योती भट्ट यांचा मोठा संग्रह आहे. गावोगावच्या भिंतीवरच्या आणि अंगणातल्या लोककलेचे फोटो त्यांनी आयुष्यभर काढले. अशा संग्रहांत फोटोइतकीच त्याच्या नोंदीला किंमत असते: कुठे, कधी, कोण. घरच्या डब्यात नेमकं हेच नसतं. मामांनी रोलच्या खोक्यावर बॉलपेनने लिहिलेलं असतं, 'फोटो'.

म्हणून या सगळ्या उद्योगात सर्वांत महागडी वस्तू स्कॅनर नाही, आणि मॅक्रो लेन्सही नाही. फोटोतल्या माणसांची नावं सांगू शकणारी ऐंशीच्या घरातली आत्या ही ती वस्तू. ती भाड्याने मिळत नाही. मराठी माणसाला हे खरं तर नवं नाही. १८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेल्या स्लाइड, त्या भराभर बदलून हालचालीचा भास, आणि शेजारी उभं राहून कथा सांगणारा माणूस. निवेदन नसतं तर पडद्यावरचे राम आणि लक्ष्मण कोणाला वेगळे ओळखू आले असते? घरच्या स्लाइड-शोमध्येही तेच होतं. भिंतीवर पांढरी चादर, प्रोजेक्टरचा घरघरता पंखा, आणि काका प्रत्येक स्लाइडवर बोलणार. कोडाकने आपला गोल तबकडीचा प्रोजेक्टर १९६१ साली आणला आणि २००४ साली स्लाइड प्रोजेक्टर बनवणंच बंद केलं. तबकडीत ऐंशी स्लाइड मावत. काकांना तेवढ्याला अडीच तास लागत.

तेव्हा शहाण्या भाच्याने करायचं ते असं. स्कॅन झालेले फोटो टीव्हीवर लावावेत, आत्याला समोर बसवावं, चहा द्यावा आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून तिथून न उठता ऐकत बसावं. याला वीजबिलाखेरीज खर्च नाही. यातून माहिती मिळते, पण सरळ मिळत नाही. "हा बापूचा मुलगा. नाही, बापूचा नव्हे, त्याच्या साडूचा. यांनी आमचं पितळी घंगाळ नेलं ते दिलंच नाही." फाइलच्या नावात घंगाळ घालायचं की नाही, हा भाच्याचा प्रश्न. साल आणि जागा तरी घालावी, '१९७४-लालबाग-००१' अशी. 'आयएमजी ४०३२' या नावाने पुढची पिढी काहीही शोधू शकणार नाही.

आणि प्रत्येक डब्यात एक माणूस असा असतोच, जो सगळ्या समारंभांत मागच्या रांगेत उभा आहे आणि कोणालाही आठवत नाही. मुंजीत आहे, लग्नात आहे, गृहप्रवेशात पंगतीला बसला आहे. आत्या म्हणते तो धारवाडचा. पुण्याचे काका म्हणतात तो नात्यातला नव्हेच, आचाऱ्याचा माणूस. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा चेहरा मोठा करून टाकला जातो. ग्रुपवर जाताना फोटोचा आकार आणि त्यासाठी केलेली सगळी मेहनत निम्म्याहून अधिक गळून पडते, त्यामुळे चेहरा आणखीच कोणाचाही वाटू लागतो. चौदा अंगठे येतात, तीन हात जोडलेले, आणि एक "सुप्रभात".

पूर्ण दर्जाच्या फाइल कुठे ठेवायच्या हा पुढचा घोळ. गूगल फोटोजचं अमर्याद फुकट खातं २०२१ च्या जूनपासून बंद झालं, आता पंधरा जीबी मिळतात आणि त्यातले दहा मामांच्या गुड मॉर्निंग चित्रांनी भरलेले. अठराशे फ्रेम मोठ्या टिफ फाइलमध्ये ठेवल्या तर ऐंशी जीबीच्या वर जातात. चांगल्या जेपेगमध्ये आठ-दहा जीबीत मावतात, आणि घरगुती कामाला ते पुरेत. दोन हार्ड डिस्क घ्याव्यात आणि एक दुसऱ्या गावी ठेवावी. एक बंगळुरात, एक मामांकडे. मामा ती डिस्क ताब्यात घेतात, उलटसुलट करून बघतात आणि जपून ठेवतात. कुठे, तर रिकाम्या झालेल्या बिस्किटांच्या डब्यात.

निगेटिव्ह टाकून देण्याची सूचना कोणी केलीच, तर ती सर्वानुमते फेटाळली जाते. आणि ते बरोबरही आहे, कारण हार्ड डिस्क किती वर्षं चालेल याची हमी कंपनी देते ती दोन-तीन वर्षांची, आणि क्लिक थ्रीची निगेटिव्ह साठ वर्षं चालली आहे. बटर पेपरच्या पाकिटात घालून ती कपाटाच्या खालच्या, कोरड्या कप्प्यात जाते.

एवढं झाल्यावर भाचा मामांना फोन करून सांगतो की काम पूर्ण झालं. मामा मनापासून खूश होतात. आशीर्वाद देतात. मग म्हणतात की घरात व्हीएचएसच्या बारा कॅसेट आहेत, त्यात लग्नं आहेत, एक रामायण आहे आणि एकात काय आहे ते आठवत नाही. भाचा समजावून सांगतो, की मामा, व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी २०१६ साली थांबली, आता नवा व्हीसीआर कुठेच तयार होत नाही.

"अरे वा," मामा म्हणतात, "म्हणजे जुना स्वस्तात मिळेल!"